उतरंडीच्या तळाशी: पूर्व जर्मनीतल्या स्त्री-कलावंत आणि त्यांचे राज्य

१९७७ साली पश्चिम जर्मनीतल्या कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या महाप्रदर्शनाचे सहावे पर्व भरले, आणि पूर्व जर्मनीने त्यात पहिल्यांदाच अधिकृतपणे भाग घेतला. विली झिट्टे, वेर्नर ट्युबके, वोल्फगांग माटहॉयर आणि बेर्नहार्ट हायझिग हे चार चित्रकार, फ्रिट्झ क्रेमर आणि यो यास्त्राम हे दोन शिल्पकार, असे सहा जण देशाचे प्रतिनिधी म्हणून निवडले गेले. सहाही पुरुष. ज्या राज्याने १९४९ सालच्या पहिल्याच राज्यघटनेत स्त्री-पुरुष समानता लिहून ठेवली आणि स्त्रियांचा प्रश्न आपण सोडवला आहे असे पुढे जगाला अभिमानाने सांगितले, त्या राज्याला आपली कला दाखवण्याच्या सर्वांत मोठ्या प्रसंगी एकही स्त्री आठवू नये, याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. समानतेची भाषा हा निव्वळ देखावा होता, हे पहिले; आणि समानता खरी होती, पण मोठ्या ताकदीच्या स्त्री-कलावंत तेव्हा नव्हत्याच, हे दुसरे. मला दोन्ही पटत नाहीत. समाजवादी राज्याने स्त्रीला कलावंत म्हणून उभे राहण्याची साधने खरोखर दिली, मात्र कलाप्रकारांची जुनी उतरंड तशीच ठेवली. या उतरंडीत वरच्या थरांवर राज्याची करडी नजर होती आणि खालच्या थरांकडे दुर्लक्ष होते. स्त्रिया मोठ्या संख्येने खाली ढकलल्या गेल्या, आणि त्या काळातले काही सर्वांत धीट काम त्यांच्या हातून तिथेच झाले.

राज्याने जे दिले त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीत कामाच्या वयातल्या सुमारे ९० टक्के स्त्रिया नोकरीत किंवा शिक्षणात होत्या, आणि तीन वर्षांखालच्या बहुतेक मुलांना पाळणाघरात जागा मिळत होती. १९७२ साली गर्भपात कायदेशीर झाला. कलाशिक्षणाचे दरवाजे मुलींना उघडे होते. ड्रेस्डेन, लाइपझिग, बर्लिनमधले वाइसेन्झे आणि हालेमधले बुर्ग गीबिखेनश्टाइन या संस्थांतून मुली शिकल्या, आणि शिकून बाहेर पडल्यावर ललित कलावंतांच्या संघाचे सभासदत्व मिळाले की स्वतंत्र कलावंत म्हणून जगता येत असे. हे सभासदत्व म्हणजे एका अर्थाने व्यवसायाचा परवानाच होता. ते असेल तर करविभागात नोंद होई, साहित्य मिळे, प्रदर्शनात जागा मिळे, कारखाने, कामगार संघटना आणि नगरपालिका यांची कामे मिळत. श्रीमंत गिऱ्हाइकाची किंवा गॅलरीच्या मालकाची मर्जी सांभाळावी लागत नसे. त्याच काळात पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी चित्रकर्त्या नवऱ्याच्या पगारावर किंवा शाळेतल्या शिकवण्यांवर तगून होत्या, हे लक्षात घेतले तर या व्यवस्थेचे मोल कळते.

पण ज्या कामाला मान होता ते कोणते? राज्याला हवी होती इतिहासाची मोठी चित्रे, सार्वजनिक इमारतींवरची भित्तिचित्रे आणि चौकातले पुतळे. चळवळीचा इतिहास, श्रमाचा गौरव आणि उद्याचा माणूस हे विषय तिथे मांडले जात. त्याखाली व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे, त्याखाली मुद्राचित्रे आणि पुस्तकांची सजावट, आणि अगदी तळाशी विणकाम, मातीकाम, छायाचित्रण. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या राज्याने कलाप्रकारांची ही क्रमवारी जुन्या राजदरबारी अकादमींकडून जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती, आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मोठ्या कामांसाठी मोठा कारखाना लागे, मदतनीस लागत, वर्षानुवर्षांचा सलग वेळ लागे आणि समित्यांमध्ये वजन लागे. सलग वेळ कोणाकडे होता, याचे उत्तर राज्याच्याच एका कायद्यात सापडते. १९५२पासून विवाहित नोकरदार स्त्रीला महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी सुटी मिळे. पुरुषांना ती १९७७मध्ये मिळाली, आणि तीही फक्त एकट्याने मुले सांभाळणाऱ्या किंवा आजारी बायको असलेल्या पुरुषांना. सुटी देणारा हातच घरकाम कोणाचे आहे ते सांगत होता. स्त्रीला दिलेली प्रत्येक सवलत ती दोन्ही पाळ्या करील असे गृहीत धरून दिलेली होती, आणि अशा जगण्यात तुकड्यातुकड्यांनी करता येणारे, घरच्या टेबलावर मावणारे काम वाट्याला येणे स्वाभाविक होते.

तळाशी असण्याचा अर्थ मात्र दुहेरी होता. १९५१मध्ये पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने रूपवादाविरुद्ध मोहीम उघडली. आशय सोडून केवळ आकार, रेषा, रंग यांचा विचार करणे हा भांडवली अधःपात ठरला, आणि अमूर्त चित्र काढणाऱ्या चित्रकाराचे भवितव्य संपले. त्याच वर्षांत बर्लिनजवळच्या मार्विट्स गावात हेडविग बोलहागेन आपल्या कारखान्यात पांढऱ्या चहादाणीवर निळ्या रेषा आणि चौकटी रंगवत होत्या. ती शुद्ध भौमितिक रचना होती, तिला कसलाही आशय नव्हता, आणि लोक ती आवडीने रोज वापरत. कॅनव्हासवर जी रेषा गुन्हा ठरली असती ती कपावर चालून गेली, कारण कपाला कोणी कला मानत नव्हते. हे दुर्लक्ष पूर्ण किंवा कायमचे होते असे मी म्हणत नाही. १९६२ साली ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात हुबेर्ट पेट्रास यांच्या साध्या पांढऱ्या नळकांडी फुलदाण्यांवरही पक्षाच्या मुखपत्राने टीका केली होती, आणि १९७२मध्ये बोलहागेन यांचा कारखानाही सरकारजमा झाला. पण फुलदाणीवरून वाद क्वचित झाला, चित्रावरून तो नित्याचा होता. सोव्हिएत संघातही हेच दिसते. तात्याना माव्रिना यांनी १९३०च्या दशकात, रूपवादाचा शिक्का जीवघेणा ठरत असताना, आपली मोकळी, रंगाने भरलेली नग्नचित्रे घरात ठेवली आणि पोट भरले बालपुस्तकांच्या चित्रांवर. रशियन लोककलेचा तो उधळलेला रंग परीकथेच्या पानावर कोणाला खटकला नाही. १९७६ साली त्यांना चित्रांसाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या एकमेव सोव्हिएत चित्रकर्त्या राहिल्या. मॉस्कोहून मराठीत छापून आलेल्या सचित्र बालपुस्तकांवर वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकांनी या खालच्या थरातल्या कलेची श्रीमंती लहानपणीच पाहिलेली आहे.

पोलंडमधल्या माग्दालेना अबाकानोविच यांचे उदाहरण आणखी पुढे जाते. १९५० ते १९५४ या काळात, समाजवादी वास्तववाद सक्तीचा असताना, त्या वॉर्साच्या अकादमीत शिकल्या. पुढे त्या मागाकडे वळल्या. टाकून दिलेले जहाजांचे जाड दोर उसवून, त्यांचे धागे रंगवून त्यांनी जे विणले ते आधी भिंतीवर होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भिंत सोडून छतावरून लोंबू लागले. माणसाहून कितीतरी उंच, जड, केसाळ, आत शिरता येईल असे हे आकार त्यांच्या आडनावावरून ‘अबाकान’ म्हणून ओळखले जातात. १९६२मध्ये लोझानच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय टॅपेस्ट्री द्वैवार्षिकीत त्यांचे काम गेले, १९६५मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिकीत त्यांना उपयोजित कलेचे सुवर्णपदक मिळाले. त्या शतकातल्या शिल्पकलेची व्याख्या बदलणारे काम उपयोजित कलेच्या खान्यातून जगात गेले! पोलंडमध्ये १९५६नंतर चित्रकारांनाही बरीच मोकळीक मिळाली होती, त्यामुळे अबाकानोविच केवळ सेन्सॉर चुकवण्यासाठी विणत होत्या असे म्हणणे सरळसोट होईल. त्यांना धाग्यात, त्याच्या शारीरपणात रस होता, आणि विणकर म्हणून ओळखले जाणे त्यांना मुळीच रुचत नसे. तरीही इतके मोठे, इतके अनाकलनीय आणि कोणताही संदेश न देणारे शिल्प दगडात किंवा ब्राँझमध्ये करायला त्यांना कोणत्या समितीने पैसे दिले असते, हा प्रश्न उरतोच.

पूर्व जर्मनीत याहूनही अनपेक्षित साधने हाती आली. रूथ वोल्फ-रेफेल्ट १९३२ साली वुर्त्सेन येथे जन्मल्या, कचेरीतल्या कामाचे शिक्षण घेतले, कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राज्याने काढलेल्या विद्याशाखेत शिकल्या आणि बर्लिनच्या कला अकादमीच्या प्रदर्शन विभागात कारकुनी करू लागल्या. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी टाइपरायटरवर अक्षरे आणि विरामचिन्हे एकावर एक, एकाशेजारी एक ठोकत लाटा, पिंजरे, खोकी, पंख असे आकार घडवले. टंकलेखन हे समाजवादी कचेरीत बाईचे काम मानले जाई. त्या कामाचेच यंत्र त्यांनी चित्रासाठी वापरले. पती रोबेर्ट रेफेल्ट यांच्याबरोबर त्या जगभरच्या कलावंतांशी टपालाने कलाकृतींची देवाणघेवाण करत. ज्या देशातून बाहेर पडायला परवानगी लागत होती, तिथून कागदाचा एक तुकडा लॅटिन अमेरिकेत पोचत होता. गुप्त पोलिसांची, म्हणजे श्टाझीची, या पत्रांवर नजर होती, पण टपालाच्या पाकिटातल्या स्वल्पविरामांच्या लाटेवर आरोप कसला ठेवायचा? वोल्फ-रेफेल्ट यांची कामे ‘डॉक्युमेंटा’मध्ये झळकायला २०१७ साल उजाडले. त्यांचे वय तेव्हा ८५ होते.

छायाचित्रणाचे स्थान जरा वेगळे. ते वृत्तपत्रांचे आणि मासिकांचे साधन, कलेत त्याची गणना उशिरा झाली. हेल्गा पारिस यांनी फॅशनचे शिक्षण घेतले होते, कॅमेरा त्या स्वतःहून शिकल्या. १९८४ साली त्यांनी बर्लिनच्या ‘ट्रेफमोडेले’ या सरकारी कपडे-कारखान्यातल्या कामगार स्त्रियांची छायाचित्रे काढली. कामगार स्त्री हा त्या राज्याचा लाडका विषय. भित्तिचित्रांतून ती हसतमुख, उंच, उद्याकडे पाहणारी असे. पारिस यांच्या स्त्रिया कामाच्या झग्यात, हात बांधून किंवा यंत्राला टेकून सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात, दमलेल्या आहेत आणि कोणासाठी हसत नाहीत. राज्याचा विषय तोच ठेवून राज्याचे चित्र खोटे पाडायला एवढे पुरले. मोठ्या आकाराच्या तैलचित्रात हे त्यांना करू दिले गेले नसते. पण त्यांनी हाले शहरातली पडझड झालेली घरे आणि तिथली माणसे टिपली, तेव्हा मात्र ते राज्याला झोंबले. १९८६ साली ठरलेले त्यांचे प्रदर्शन रद्द झाले, आणि ते लोकांसमोर आले १९९० साली. छायाचित्र एका कारखान्याबद्दल बोलत होते तोवर चालले. एका शहराच्या कारभाराबद्दल बोलू लागले तेव्हा ते वरच्या थरात मोजले गेले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. दुर्लक्षात सापडलेल्या मोकळेपणाचे असे कौतुक करणे म्हणजे दडपशाहीला गोड रंग देणे नव्हे काय? हा आक्षेप मी मनापासून मानतो, कारण त्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. कलावंत गाब्रिएले श्टोट्सर यांनी १९७६ साली गीतकार-गायक वोल्फ बीरमान यांच्या हद्दपारीचा निषेध करणाऱ्या पत्रावर सही केली, आणि राज्याची बदनामी केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा भोगली. त्यातला काळ होहेनेकच्या कुप्रसिद्ध स्त्री-तुरुंगात गेला. सुटल्यावर त्यांनी एर्फुर्टमध्ये एक खासगी कलादालन चालवले, ते १९८१मध्ये श्टाझीने बंद पाडले. चित्रकर्त्या कॉर्नेलिया श्लायमे यांच्यावर १९८१मध्ये प्रदर्शनबंदी आली, १९८४मध्ये त्या देश सोडून पश्चिम बर्लिनला गेल्या, आणि मागे ठेवलेले त्यांचे बहुतेक काम नाहीसे झाले. त्यांच्या जवळच्या वर्तुळातला कवी साशा आंडरझोन हा श्टाझीचा खबऱ्या होता, हे त्यांना नंतर कळले. चित्रकर्त्या बेर्बेल बोलाय यांनी १९८२च्या सैन्यसेवा कायद्याविरुद्ध ‘शांततेसाठी स्त्रिया’ हा गट उभारायला मदत केली, कारण युद्धप्रसंगी स्त्रियांनाही भरती करण्याची तरतूद त्यात होती. १९८३च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली, सरकारी कामे बंद झाली. ही किंमत कोणत्याही कौतुकाने फिटणारी नाही. पण या घटना बारकाईने पाहिल्या तर दुर्लक्षाची हद्द कुठे होती तेही समजते. शिक्षा झाली ती सहीला, जमवलेल्या लोकांना, उघडलेल्या जागेला, स्थापलेल्या गटाला. एकटी बाई खोलीत काय करते याची राज्याला फारशी फिकीर नव्हती. दहा बाया एका खोलीत जमल्या की ती सुरू होई. श्टोट्सर यांनी १९८४पासून एर्फुर्टमध्ये नेमके तेच केले. हौशी लोकांच्या सुपर-८ कॅमेऱ्यावर, स्वतः शिवलेल्या विचित्र पोशाखांत, एकमेकींच्या देहांचे चित्रपट या स्त्रियांनी मिळून काढले. सरकारी चित्रपट कंपनीची मक्तेदारी मोठ्या फिल्मवर होती, सहलीत मुलांचे चित्रीकरण करायच्या छोट्या फितीवर नव्हती.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. वेरा मुखिना यांचे काय? १९३७च्या पॅरिस प्रदर्शनात सोव्हिएत दालनावर उभे राहिलेले, सुमारे २४ मीटर उंचीचे पोलादी ‘कामगार आणि कोल्खोझ (सामूहिक शेतीवरची) स्त्री’ हे शिल्प त्यांचे, आणि स्टालिन पारितोषिक त्यांना पाच वेळा मिळाले. खुद्द पूर्व जर्मनीत लेआ ग्रुंडिग १९६४ ते १९७० या काळात कलावंत संघाच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे शिखर स्त्रियांना बंद नव्हते. हे खरे आहे, आणि या दोघींची ताकद कमी करण्याचे कारण नाही. पण मुखिना यांनी स्पर्धेतून मिळवलेल्या त्या कामाची मूळ कल्पना दालनाचे वास्तुविशारद बोरिस योफान यांची होती. मुखिना यांनी त्या जोडीला जी झेप दिली ती अस्सल आहे. तरी हातोडा पुरुषाच्या हाती आणि विळा स्त्रीच्या हाती ही वाटणी पक्षाच्या विचारातून आलेली, आणि त्या विचारात शेतकऱ्याचे नेतृत्व कामगाराकडे असते. एवढे यश मिळवूनही मुखिना यांच्या कितीतरी योजना कागदावरच राहिल्या. ग्रुंडिग यांचे वजन त्यांच्या चरित्रातून आले होते. त्या ज्यू, कम्युनिस्ट, नाझींच्या तुरुंगात राहिलेल्या. अध्यक्षपदावरून त्यांनी पक्षाची शिस्त कठोरपणे राबवली. वरच्या थरात पोचलेली स्त्री तिथल्या अटी मान्य करून पोचली होती, आणि उतरंड बदलणे हा त्या अटींचा भाग नव्हता.

मग पाश्चात्त्य देशांत काय वेगळे होते? फार नव्हते, असे आक्षेपक म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत हा प्रश्न कला-इतिहासकार लिंडा नॉखलिन यांनी १९७१मध्ये अमेरिकेत विचारला, आणि त्याचे उत्तर संस्थांच्या रचनेत शोधले. १९७७च्या ‘डॉक्युमेंटा’त इतर देशांच्या वाट्यालाही पुरुषच बहुसंख्य होते. विणकाम, देहाची कला, छायाचित्रण या वाटा तिकडच्या स्त्रियांनीही धरल्या. त्यावरून दिसते ते इतकेच की ही उतरंड समाजवादाहून जुनी आहे. फरक आहे तो दुर्लक्षाच्या कारणात आणि त्यावर काय करता येत होते यात. पश्चिमेत तळाच्या कलेला भाव नव्हता म्हणून ती दुर्लक्षित, पूर्वेत तिच्यात प्रचारमूल्य नव्हते म्हणून. आणि १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या काही स्त्रियांना एकत्र येऊन ‘ए.आय.आर.’ हे स्वतःचे कलादालन उघडता आले. एर्फुर्टमध्ये तसे करणे राज्यविरोधी कृत्य होते. पूर्वेकडच्या स्त्रियांकडे वेतन होते, पाळणाघर होते, पण आपल्या अडचणीला नाव देण्याची सोय नव्हती. प्रश्न सुटला आहे असे एकदा राज्याने जाहीर केल्यावर तो पुन्हा विचारणारी बाई एकतर कृतघ्न ठरे किंवा पश्चिमेची हस्तक. स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घ्यायला अनेकींनी नकार दिला तो या कोंडीतून.

१९९०नंतर कलावंतांचा संघ विसर्जित झाला, सरकारी कामे थांबली, आणि जर्मनीत पूर्वेकडच्या कलेवरून मोठा वाद पेटला. १९९९च्या वायमार प्रदर्शनात ही कला अडगळीसारखी मांडल्याबद्दल संतापाची लाट उसळली. पण वाद कोणाबद्दल होता? झिट्टे, ट्युबके, हायझिग यांच्याबद्दल. ते राज्याचे भाट होते की खरे चित्रकार, याबद्दल. स्त्रियांवर आरोप ठेवण्याइतकेही कोणी त्यांना मोजले नाही. वोल्फ-रेफेल्ट यांनी १९९०च्या सुमारासच टंकचित्रे करणे थांबवले होते. २००९मध्ये बर्लिनला आणि २०१८–१९मध्ये ड्रेस्डेनला स्त्री-कलावंतांची मोठी प्रदर्शने झाली तेव्हा चित्र पालटू लागले, आणि त्यात श्टाझीच्या कागदपत्रांचा वाटा मोठा आहे. ४ डिसेंबर १९८९ रोजी एर्फुर्टच्या नागरिकांनी श्टाझीची जिल्हा कचेरी ताब्यात घेतली. देशातली ही पहिली अशी कृती. तिच्या पुढाकारात स्त्रिया होत्या, आणि त्यांत श्टोट्सर होत्या. कागद जाळले जात होते ते त्यामुळे थांबले. श्लायमे यांनी १९९३मध्ये स्वतःच्या फायलीची पाने घेऊन त्यांवर आपली नाट्यमय छायाचित्रे मांडली आणि हेरांच्या भाषेलाच कलाकृतीत ओढले. मात्र या पुनर्शोधात एक कल आहे आणि तो सुधारायला हवा. ज्यांची फाईल होती त्या सापडल्या; विरोधक म्हणून त्यांची कथा सांगता येते, प्रदर्शनाच्या भिंतीवर लिहिता येते. संघाच्या सभासद होऊन कारखान्याच्या उपाहारगृहासाठी पडदे विणणाऱ्या, शाळेच्या भिंतीवर फरशांचे नक्षीकाम करणाऱ्या, राज्याशी न भांडता चांगले काम करून गेलेल्या शेकडो जणींवर कोणी पाळत ठेवली नाही, त्यामुळे त्यांची नोंदही राहिली नाही. १९९०नंतर ती उपाहारगृहे बंद झाली, इमारती पाडल्या गेल्या, आणि भिंतींबरोबर ते कामही गेले. त्यांतले जे उरले आहे ते शहरोशहरीच्या जुन्या शाळांत, दवाखान्यांत आणि पोहण्याच्या तलावांच्या इमारतींत अजून आहे, आणि त्याची मोजदाद व्हायची आहे.